सव्वा शेर तार

विमानातून एक तार खाली सोडायची आणि वेळेवर वर ओढून घ्यायची, एवढीच माझी नोकरी होती. लोकांना वाटायचं, वायरलेस ऑपरेटर म्हणजे कोण मोठा विद्वान. लातूरला सुट्टीवर गेलो की गल्लीतली माणसं विचारायची, "वरून आमचं घर दिसतं का?" मी ठोकून द्यायचो, "दिसतं की." कुणाचं घर आणि कसलं काय. मला वरून दिसायची ती पायाशी असलेली, तार गुंडाळायची चरखी.

निजामशाहीची अखेरची वर्षं होती. लढाई नुकतीच संपली होती आणि लढाईतून उरलेली विमानं रंग देऊन प्रवाशांसाठी काढली होती. त्यातलंच एक हैदराबादहून औरंगाबादला जायचं. पायलटच्या पाठीमागे एक अरुंद खुर्ची, समोर वायरलेसचा डबा, पायाशी चरखी. तिथं मी.

वडिलांची लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत होती. ज्वारी, करडई, तूर जे येईल ते मापायचं. तराजूच्या काट्याकडं बघून बघून माझी मान वाकडी व्हायची वेळ आली, तेव्हा भांडून घर सोडलं. जाताना सुनावलं, "जन्मात पुन्हा काट्याला हात लावणार न्हाई." वडील शांतपणे म्हणाले, "जा. आभाळात काय भाव चाललाय तेवढं कळव." नोकरी गेली असती तर त्याच गादीवर येऊन बसावं लागलं असतं, आणि वडील एक अक्षर बोलले नसते, नुसतं सरकून जागा दिली असती. हे दुसरं मला जास्त झोंबायचं. म्हणून सांगतो, ही नोकरी मला जिवापेक्षा प्यारी होती.

आता तार. तिच्याविषयी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, तेव्हा जरा दम धरा. विमानाच्या पोटाला भोक असतं. त्यातून तांब्याची तार सोडायची, दोनशे फूट, टोकाला शिशाचा गोळा, म्हणजे ती वाऱ्यानं फडफडत नाही. आभाळात वायरलेसच्या लहरी असतात. तारेची लांबी लहरीच्या मापाला बसली तर लहर तारेत उतरते, नाहीतर अंगावरून निघून जाते. एकतारीची तार लांब-आखूड केली की सूर बदलतो, तसंच हे. जमिनीवर वायरलेसचं दुसरं टोक मातीत गाडतात. वर माती कुठून आणणार? तर विमानाचा सगळा पत्राच माती समजायचा. तार आणि पत्रा मिळून जोडपं, संसार दोघांचा. विजेच्या ढगाजवळून गेलं की तीच तार वीज ओढून घ्यायची आणि माझ्या बोटांना असा झटका बसायचा की पितर आठवायचे. आणि विमान खाली यायला लागलं की सगळं सोडून आधी चरखी फिरवायची आणि तार आत घ्यायची. हा एक नियम पाळला की नोकरी शाबूत.

त्या दिवशी विमानात एक बडे नवाब होते. त्यांची जहागीर वाटेत लागायची, आणि आपले काळवीट वरून कसे दिसतात हे त्यांना बघायचं होतं. पायलटला निरोप आला, जरा खाली घ्या. घेतलं. खाली काळवीट नव्हते, शेळ्या होत्या. नवाबांना त्या काळवीट वाटल्या आणि ते खूश झाले. इथवर सगळं ठीक.

पण खालचा मुलूख माझा होता. जळकोटकडचे ते खडकाळ माळ, पळसाची झाडं, पायवाटा. वर्षभर त्याच्यावरून उडत होतो आणि एकदाही नीट बघितला नव्हता. मी खिडकीला नाक लावून बघत बसलो. चरखी पायाशी होती आणि मी तिला साफ विसरलो. एक हिसका बसला. गावाबाहेरच्या भल्या मोठ्या चिंचेत शिशाचा गोळा अडकला होता, आणि तार तुटली.

घाईघाईनं चरखी फिरवली. चाळीस फूट हाताला लागली. एकशे साठ फूट त्या गावाला.

औरंगाबादेत उतरल्यावर नुकसानीचा कागद भरायचा होता. तार मध्येच तुटली म्हणजे ऑपरेटरनं ती वेळेवर ओढली नाही, दोष माणसाचा. तार चरखीच्या मुळापासून सुटली म्हणजे खिळा ढिला होता, दोष लोखंडाचा. माणसाची नोकरी जाते, लोखंडाची जात नाही. मी उरलेली चाळीस फूट काढून पिशवीत घातली, खिळा हातानं ढिला केला, आणि लिहिलं, "संपूर्ण तार मुळापासून सुटून पडली." खाली सही ठोकली. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

ती चाळीस फूट हैदराबादच्या माझ्या खोलीत, ट्रंकेच्या तळाला गेली. मला वाटलं, संपलं. पण वर कचेरीत कुणीतरी अक्कल चालवली. एवढी लांब वायरलेसची तार रयतेच्या हाती राहिली तर रयत थेट दिल्लीशी बोलायला लागेल, आणि ते दिवस तसे बोलण्याचे नव्हते. हुकूम निघाला, तार पूर्ण जप्त करून आणा. किती? रजिस्टरात तारेची लांबी नव्हती, वजन होतं, कारण खरेदी वजनावर झाली होती. सव्वा शेर. आणायला कोण जाणार? ज्याला मराठी येते तो. म्हणजे मीच.

उदगीरपर्यंत रेल्वे, पुढं बैलगाडी. सोबत तहसिलीचा गिरदावर, म्हणजे गावोगाव दप्तर तपासत फिरणारा अंमलदार. सगळ्या रस्त्यात त्याला एकच चिंता. "कितनी तार? सव्वा शेर. एक तोळा कम नहीं." दर अर्ध्या तासाला हे म्हणायचा आणि मी मान हलवायचो.

पन्नास-पंचावन्न उंबऱ्यांचं गाव. नाव सांगत नाही, त्यांची मुलं-नातवंडं अजून आहेत. चावडीत पाटील हजर होते. कपाळाला भस्म, पांढऱ्या मिशा, बोलणं हळू. हुकूम ऐकून ते म्हणाले, "हाव, पडली हाय तार. पर सरकार, ती वाटली."

"वाटली म्हणजे?"

"आभाळातून पडलं ते समद्या गावाचं. एकानं ठेवलं तर भांडण व्हईल. म्हून उंबऱ्याला दोन हात अशी वाटून दिली. कुणाची तक्रार न्हाई."

मला एकदम हलकं वाटलं, आणि का ते सांगायला आज लाज वाटते. तारेचे तुकडे झाले होते. आता ती कुठं तुटली, मध्ये का मुळात, हे कोणाच्या बापालाही कळणार नव्हतं. पण तोंडावर ऑपरेटरचा रुबाब आणून मी त्या म्हाताऱ्यावरच खेकसलो, "पाटील, अहो तुकडे काय करता? या तारेला लांबी असते. लांबी मोडली की तार मेली. अख्खी असेल तरच तिच्यात लहर उतरते, नाहीतर तुमच्या तुकड्यांची किंमत भंगाराची."

पाटलांनी मान खाली घातली. "आमाला काय ठाव सरकार. चूक झाली."

मग दवंडी दिली आणि तार गोळा व्हायला लागली. चावडीच्या ओट्यावर पाटलांच्या घरचा तराजू आणला, आणि तो धरायला गिरदावरानं कोणाला सांगावं? मलाच. म्हणाला, तुम्ही हैदराबादचे, तुमच्यावर सगळ्यांचा भरवसा. मी काटा धरून उभा राहिलो. वडिलांना हे दिसलं असतं तर त्यांनी गंजाला सुट्टी दिली असती.

अर्ध्या गावानं तार गुडघ्याला बांधली होती. तांब्याचं कडं घातलं की सांधे दुखत नाहीत हे आपल्याकडं सगळ्यांनाच ठाऊक. मग आभाळातल्या तांब्याचा गुण केवढा असेल! लंगडत लंगडत म्हातारी माणसं येत होती, धोतर वर करून वेटोळं सोडवत होती, आणि पारड्यात टाकून पुन्हा लंगडत जात होती. एका आजीनं तर जाता जाता सांगितलं, "लई गुण होता बाबा. आठ दिस जिना चढले." त्यांच्या घराला जिना नव्हता. भजनी मंडळानं एक तुकडा एकतारीवर चढवला होता, त्यांच्या म्हाताऱ्या बुवांनी तो उतरवून दिला आणि म्हणाले, "सूर जरा जाडा लागत हुता तसा." गवंड्यानं शिशाचा गोळा दोरीला बांधून ओळंबा केला होता, आणि त्या ओळंब्यानं बांधलेली एक भिंत अर्धी वर आली होती. गिरदावरानं भिंतही जप्त करावी का, यावर थोडा विचार केला. मी त्याला समजावलं तेव्हा त्यानं सोडली.

गोळा वेगळा ठेवला. नुसत्या तारेचं वजन केलं. बरोब्बर एक शेर.

"पाव शेर कम," गिरदावर म्हणाला.

मला ते आधीच ठाऊक होतं. पाव शेर माझ्या ट्रंकेत होती.

घरोघरी पुन्हा शोध सुरू झाला. चिंचेवर माणसं चढवली. विहिरीत एकाला उतरवलं. कुणीतरी म्हणालं, कावळ्यानं नेली असंल. मग कावळ्यांची घरटी काढली, त्यात बायकांच्या केसांतला एक आकडा आणि एक वेलदोडा मिळाला. उन्हं उतरली तरी पाव शेराचा पत्ता नाही. गिरदावर पाटलांना म्हणाला, तार पुरी झाली नाही तर तुम्हाला माझ्याबरोबर तहसिलीला यावं लागेल आणि मिळेपर्यंत तिथंच बसावं लागेल. पाटलांनी काही वाद घातला नाही. त्यांनी घरातून घोंगडी मागवली.

मी तिथं होतो. हातात तराजू होता. तोंड उघडून म्हणायचं एवढंच होतं, "गिरदावर साहेब, गावात एवढीच पडली, उरलेली माझ्याकडं आहे." दहा शब्दसुद्धा नाहीत. मी मूग गिळून उभा राहिलो. डोळ्यांपुढं गंजातली गादी आणि शेजारी सरकणारे वडील, दुसरं काही दिसेना.

तोडगा गावानंच काढला. सोनार पुढं आला आणि म्हणाला, "वजनच पाहिजे ना? तांबं ते तांबं." गिरदावर म्हणाला, हुकुमात तार लिहिली आहे, तांबं नाही. सोनार म्हणाला, "मग तार काढून देतो की." सोनाराकडं भोकं पाडलेली पोलादी पट्टी असते, त्या भोकांतून ओढून ओढून तो धातूची तार करतो. पण तांबं आणायचं कुठून? कुणाच्या घरचं घ्यायचं, यावर चावडीत कुजबुज सुरू झाली. लढाईच्या महागाईत घरोघरची भांडी केव्हाच विकली गेली होती; जे उरलं होतं ते लग्नातलं आणि देवघरातलं. शेवटी पाटीलच म्हणाले, "कुणाच्या घरचं नको. महादेवाची गळती हाय. त्याला ना बायका-पोरं जगवायचीत, ना भाऊबंदकी. तो काय बोलणार न्हाई."

गळती म्हणजे पिंडीवर टांगलेलं तांब्याचं भांडं, त्याच्या भोकातून थेंब थेंब पाणी पडत असतं. ते काढून आणलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी समोर बघितली. सोनारानं भांडं वितळवलं, ठोकलं, पट्टीतून ओढलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लालभडक तार पारड्यात ठेवली. सव्वा शेर पूर्ण झाली. पाटलांनी वर दोन तोळे आणखी टाकले. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "देताना काटा जरा झुकताच द्यावा सरकार. आमची रीत हाय." ही रीत माझ्या वडिलांचीही होती. मी खाली बघितलं.

हैदराबादच्या स्टोअरमध्ये कारकुनानं तार तोलली आणि वैतागला. कमी आली तर लिहायला रकाना होता, जास्त आली तर नव्हता. त्यानं दोन तोळे तार कापून माझ्या हातात दिली आणि सांगितलं, हे तुम्ही आणलंच नाही. बाकी तार जमा झाली. ती जाड आहे, बारीक आहे, साठ तुकड्यांची आहे, तिच्यात आता आभाळातली लहर तर सोडाच, विहिरीचा पोहरासुद्धा उतरणार नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. माझी नोकरी वाचली. विमानाला नवी तार मिळाली.

पण जीव भांड्यात पडेना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. दारावर थाप पडली की ट्रंकेकडं लक्ष जायचं. आणि त्याहून वाईट म्हणजे, स्नान करून खोलीतल्या पिंडीपुढं बसलो की डोळ्यांसमोर ती कोरडी पिंड यायची. महिनाभर असं चाललं. मग ठरवलं की त्यांचं त्यांना परत करायचं. चाळीस फूट म्हणजे पाव शेर, म्हणजे गळतीएवढंच तांबं. सोनार पुन्हा भांडं करेल. चिठ्ठी लिहावी असं मनात आलं, पण चिठ्ठी म्हणजे पुरावा. नुसती तार टाकू, गावाला अक्कल आहे, ते समजून घेतील.

एका सकाळी तार पिशवीत घालून विमानात बसलो. जळकोटकडचा माळ आला, चिंच दिसली, आणि पोटाच्या भोकातून मी ती चाळीस फूट हात हात करून सोडून दिली. वळवळत खाली गेली. गावच्या शिवारात पडली हे मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा जे बरं वाटलं ते काय सांगू. औरंगाबादेत उतरून मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

वीस-बावीस दिवस गेले. स्टोअरच्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर तारेचं एक वेटोळं आणि एक मोडीतलं पत्र. साहेबांना मोडी येत नव्हती. म्हणाले, "तहसिलीतून आलंय. वाचा आणि सांगा."

पत्र पाटलांचं होतं. मी मनात वाचलं. "आभाळातून पुन्हा तार पडली. मोजता पाव शेर भरली. बाकी शेरभर तार लई शोधली, मिळाली नाही. मागील खेपेस सरकारास येण्याची तसदी झाली, तशी या खेपेस होऊ नये म्हणून गावानं घरोघरचं तांबं गोळा करून, सोनाराकडून ओढून, वजन हुकुमाबरहुकूम पुरं केलं आहे. तुकडे केले नाहीत. तार मोडली की मरते असं सरकारांनी सांगितलं होतं, म्हणून सगळी सांधून अख्खी पाठवली आहे. पोच मिळावी."

मी वेटोळं हातात घेतलं. एका टोकाला माझी चाळीस फूट, चिंचेत तुटलेलं टोक तसंच होतं. पुढं सांधा, आणि सांध्यापुढं बारीक लाल तार, वळशावर वळसे, कुठंही तुटलेली नाही. तिच्यात कुणाची पळी आहे, कुणाचं ताम्हण, कुणाच्या लग्नातला तांब्या, हे तारेवर लिहिलेलं नसतं. शेरभर तांबं त्या गावात उरलं होतं तरी का, मला ठाऊक नाही. माझी मलाच शिसारी आली.

साहेब रजिस्टर उघडून बसले होते. कुठल्याच विमानाची तार हरवल्याची नोंद नव्हती, मग ही जमा कशी करायची? बराच विचार करून त्यांनी 'कुठून आली' या रकान्यात लिहिलं, "आसमानसे." मग मला विचारलं, "काय म्हणतात गाववाले?"

आता तरी सांगावं. शब्द ओठांपर्यंत आले होते. मी म्हणालो, "पोच मागतात, हुजूर."

"इमानदार लोक आहेत," साहेब म्हणाले. "तुमच्याच तरफचे ना?"

"जी."

"मग पोच तुम्हीच लिहा, तुमच्या मराठीत."

मी लिहिली. सव्वा शेर तार मिळाली, कमी नाही, जास्त नाही. खाली सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमानात जाऊन बसलो.